मीटिंगला नसलेल्या माणसासाठी: एसईओचा प्रस्ताव कसा लिहायचा

एसईओचं, म्हणजे गुगलच्या शोधात वेबसाइट वर आणण्याचं, काम मागणारा माझा पहिला मोठा प्रस्ताव ३४ पानांचा होता. त्यातली २० पानं एका ऑडिट टूलने काढून दिलेली होती: लाल-पिवळे गोल, टक्केवाऱ्या आणि १४० ‘एरर’ची यादी. कोल्हापूरजवळच्या एका कारखान्यात मालकांच्या पुतण्याबरोबर दीड तास बैठक झाली होती. त्याला सगळं पटलं होतं, चहाही दोनदा झाला होता. प्रस्ताव पाठवला आणि आठवड्याने फोन केला, तर तो अवघडून म्हणाला, “सर, काकांनी बघितलं. ते म्हणाले, ह्यात ऑर्डरचं काय लिहिलंय ते दावा.”

ऑर्डरचं काहीच लिहिलेलं नव्हतं. ३४ पानांत ‘चौकशी’ हा शब्द एकदाही आला नव्हता. काम अर्थातच मिळालं नाही.

पुढे असं तीन-चार वेळा झालं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आपल्याशी बोलतो तो माणूस आणि सही करतो तो माणूस बहुतेक वेळा वेगळे असतात. घरच्या धंद्यात सही करणारे काका असतात, मोठा भाऊ असतो, हिशेब बघणाऱ्या वहिनी असतात, नाहीतर “सीएला विचारून सांगतो” मधले सीए असतात. जरा मोठ्या कंपनीत पर्चेस आणि फायनान्सवाले असतात. यांपैकी कोणीही त्या दीड तासाला हजर नव्हतं. तुमचं बोलणं, तुमचा उत्साह, फळ्यावर काढलेल्या आकृत्या यांतलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. त्यांच्या टेबलावर फक्त कागद जातो. एसईओचा प्रस्ताव हा त्या न भेटलेल्या माणसासाठी लिहायचा असतो, आणि त्याला ‘कॅनॉनिकल टॅग’ म्हणजे काय हे जाणून घ्यायची तिळमात्र इच्छा नसते.

समजावण्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एक मध्यम फौंड्री, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारा कारखाना. एसजी आयर्नची (सहज न तुटणाऱ्या, थोडं लांबणाऱ्या ओतीव लोखंडाची) कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग करते, मशीनिंगची सोय आहे, ग्राहक चार-पाचच आहेत आणि त्यातल्या एकावर निम्मा धंदा अवलंबून आहे. नवे ग्राहक हवेत म्हणून वेबसाइटकडे लक्ष गेलंय. फौंड्री आणि आकडे, दोन्ही मी उदाहरणापुरते रचलेले आहेत. पण अशा फौंड्र्या शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात तुम्हाला भेटतील.

काकांना एसईओ किती सांगायचा?

पाच-सहा ओळी पुरतात. गुगलचा एक बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम असतो. तो एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जात इंटरनेटवरची पानं वाचत फिरतो. वाचलेल्या पानांपैकी जी ठेवण्याजोगी वाटतात ती तो आपल्या नोंदवहीत, म्हणजे इंडेक्समध्ये घेतो. कोणी काही शोधलं, की गुगल त्या नोंदवहीतून पानं काढून उपयुक्ततेनुसार क्रम लावतं. आपलं काम तीन जागी असतं: बॉटला पान वाचता यावं, ते नोंदवहीत जावं, आणि शोधणाऱ्याला जे हवं ते त्या पानावर खरोखर असावं.

गावाकडच्या माणसाला मी सातबाऱ्याचं उदाहरण देतो. जमीन आपण वर्षानुवर्षं कसतोय, पण नोंदच नाही, असं वेबसाइटचंही होतं. माझ्या बघण्यातली सगळ्यात महागडी चूक एका टिकमार्कची होती. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये एक चौकोन असतो. त्यावर टिक केली की सर्च इंजिनांना “ही साइट नोंदवू नका” अशी विनंती जाते. साइट तयार होत असताना ती टिक ठेवतात आणि साइट सुरू करताना काढायची असते. एका ठिकाणी ती काढायची राहिली. कित्येक महिने मालक दर रविवारी नवे फोटो टाकत होते आणि गुगल त्यांच्याच सांगण्यावरून साइटकडे पाठ फिरवून बसलं होतं.

याच ठिकाणी आणखी एक वाक्य लिहायचं, कारण काकांची पहिली शंका तीच असते: हे पैसे गुगलला जाणार का? नाही. गुगलची जाहिरात वेगळी. तिथे क्लिकमागे पैसे जातात आणि पैसे थांबले की जाहिरात थांबते. जाहिरातींव्यतिरिक्तच्या निकालांतली जागा गुगलला पैसे देऊन विकत मिळत नाही. ती फी आपल्या कामाची असते. हा फरक प्रस्तावात नसेल तर तीन महिन्यांनी “एवढे पैसे भरून जाहिरात कुठे दिसते?” असा फोन येतो. मला आलेला आहे.

लिहिण्याआधीची माहिती

प्रस्तावातला निम्मा भाग तो लिहायला बसण्याआधीच ठरलेला असतो. मी पहिल्या भेटीत वेबसाइट उघडतच नाही. विचारतो ते धंद्याचं: कोणतं काम आलेलं आवडतं आणि कोणतं टाळता? कास्टिंगचं वजन किती किलोपासून किती किलोपर्यंत जमतं? फर्नेसची किती क्षमता रिकामी आहे? चौकशी आल्यापासून पहिली पीओ (लेखी खरेदी ऑर्डर) हातात पडेपर्यंत किती दिवस जातात?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फौंड्रीत सहसा महिन्यांमध्ये मिळतं. ड्रॉइंग येतं, कोटेशन जातं, पॅटर्न (साचा बनवण्यासाठीचा नमुना) होतो, सॅम्पल जातं, ग्राहकाची माणसं येऊन कारखाना बघून जातात, मग ऑर्डर. म्हणजे आज शोध घेणारा पर्चेस इंजिनिअर पुढच्या वर्षी बिलात दिसेल. अशा धंद्याला “तीन महिन्यांत विक्री वाढवू” असं लिहून देणारा एकतर फौंड्री जाणत नाही किंवा खोटं बोलतोय.

दुसरी गोष्ट, सर्च कन्सोल. हे गुगलचं फुकट साधन आहे आणि त्यात मागच्या १६ महिन्यांपर्यंतचे आकडे मिळतात: साइट कोणत्या शोधांना किती वेळा दिसली, किती जणांनी क्लिक केलं. बघण्यापुरता प्रवेश मागायचा. पासवर्ड कधीच मागायचा नाही. काही ठिकाणी मालकांना हे साधन आपल्या साइटला जोडलंय की नाही हेच माहीत नसतं. ते जोडून घ्यायचं आणि दोन-तीन आठवडे थांबायचं. घाईने अंदाजपंचे प्रस्ताव पाठवण्यापेक्षा हे परवडतं.

आता आपल्या फौंड्रीचे आकडे समजा असे निघाले: तीन महिन्यांत साइट ४,२०० वेळा दिसली, क्लिक आले ६१. त्यातले ४८ क्लिक कंपनीचं नाव टाइप करून आलेल्यांचे. ते तुम्हाला आधीपासून ओळखतात. पत्ता किंवा फोन नंबर बघायला आले. उरले १३. गुगल काही शोध खाजगीपणासाठी झाकून ठेवतं, त्यामुळे ही वजाबाकी पैशाच्या हिशेबासारखी तंतोतंत नसते आणि तसं कागदावर नमूद करायचं. पण चित्र स्पष्ट आहे: तुम्हाला न ओळखणारी, कास्टिंग शोधत आलेली माणसं तीन महिन्यांत तेरा.

प्रस्तावाची पहिली ओळ ही. “तुम्हाला न ओळखणारे साधारण १३ जण तीन महिन्यांत गुगलवरून तुमच्या साइटवर आले. हा आकडा वाढवण्याचं आणि त्यातून ड्रॉइंगसह चौकश्या येण्याचं हे काम आहे.” ३४ पानं वाया घालवल्यावर मला ही ओळ सापडली. काकांना ‘ऑरगॅनिक ट्रॅफिक’ कळत नाही. तेरा माणसं कळतात.

छोटा शोध, मोठी ऑर्डर

यानंतर यावी लोक काय शोधतात त्याची माहिती. इथे बहुतेक प्रस्ताव घसरतात, कारण मोठे आकडे दाखवायचा मोह होतो. ‘कास्टिंग’ हा शब्द घ्या. तो शोधणाऱ्यांत सिनेमात काम मागणारी मुलंमुलीही असतात. आकडा भरघोस दिसतो, फौंड्रीला उपयोग शून्य.

उलट ‘एसजी आयर्न ५००/७ कास्टिंग मॅन्युफॅक्चरर’ असं कोणी टाइप करत असेल, तर त्याच्या टेबलावर ड्रॉइंग पडलेलं असतं. त्या ग्रेडमधला पहिला आकडा ताणशक्तीचा, दुसरा धातू तुटण्याआधी किती टक्के लांबतो त्याचा. हे कोणी गंमत म्हणून शोधत नाही. असे शोध महिन्याला मोजके. टूलमध्ये कधी दहा दाखवतात, कधी शून्यही. गुगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये, म्हणजे जाहिरातदारांसाठीच्या शब्द शोधायच्या साधनात तर जाहिरातीवर खर्च न करणाऱ्या खात्याला नेमका आकडा न देता ‘१० ते १००’ असा ढोबळ पट्टा दाखवतात. म्हणून प्रस्तावात “या शब्दाला महिन्याला ४७ शोध” असं ठासून लिहू नये. पट्टा लिहावा आणि तो शोध करणारा कोण असेल ते लिहावं.

मग हिशेब मांडायचा, काकांच्याच एककात. समजा एक कास्टिंग ४० किलोचं, महिन्याला ५०० नग, दर ११० रुपये किलो. म्हणजे २० टन, २२ लाखांची महिन्याची उलाढाल. एवढा एक ग्राहक मिळायला किती चौकश्या लागतात, हे काकांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. ते म्हणाले वीसात एक, तर आपलं लक्ष्य ठरलं: कामाची चौकशी, ड्रॉइंगसह, वर्षभरात वीस. हा अंदाज आहे हे लिहायचं आणि त्यातलं कोणतं गृहीतक त्यांचं, कोणतं आपलं, हेही. मी त्यांची गृहीतकं वेगळ्या रंगात छापतो. बारीकसारीक गोष्ट आहे, पण वाचणारा तिथे थांबतो, पेन काढतो आणि आकडा दुरुस्त करतो. ज्याने प्रस्तावात स्वतःच्या हाताने आकडा लिहिला त्याने तो अर्धा मान्य केलेला असतो.

ग्राहक सामान्य माणूस असेल तर शब्दांचा प्रश्न वेगळा होतो. मराठी माणूस एकच गोष्ट तीन तऱ्हांनी शोधतो: देवनागरीत, रोमन लिपीत मराठी लिहून, आणि सरळ इंग्रजीत. गुडघेदुखीवरचे उपाय शोधणारा तिन्हीपैकी काहीही टाइप करेल आणि र्‍हस्व-दीर्घाची फिकीर करणार नाही. टूलमध्ये रोमन मराठीची नोंद तुटपुंजी असते. अशा वेळी रिसेप्शनवरच्या मुलीला विचारावं, लोक फोनवर काय शब्द वापरतात. फौंड्रीत हा प्रश्न येत नाही. तिथला पर्चेसवाला इंग्रजीतच शोधतो.

पॅटर्न एकदाच, कास्टिंग दर महिन्याला

कामाचा भाग कसा लिहायचा हे मला फौंड्रीवाल्यांच्या कोटेशननेच शिकवलं. त्यांचं कोटेशन बघा. पॅटर्नचा खर्च वेगळा, तो एकदाच. कास्टिंगचा दर किलोवर. मशीनिंग वेगळं. खाली एक अट: स्क्रॅपचा आणि पिग आयर्नचा भाव अमुकपेक्षा जास्त हलला तर दर बदलेल. सॅम्पल पास झाल्यावर पुढचा लॉट. रिजेक्शन कशाला म्हणायचं तेही ठरलेलं. एसईओच्या प्रस्तावाला लागणारं जवळपास सगळं त्यात आहे.

पॅटर्न म्हणजे सुरुवातीचं काम: साइट तपासणं, नोंदणीतले अडथळे काढणं, मोजमाप बसवणं, कोणत्या पानावर काय हवं त्याचा आराखडा. ते एकदाच होतं, त्याची रक्कम वेगळी. कास्टिंग म्हणजे दर महिन्याचं काम: अमुक इतकी नवी पानं, जुन्यांची दुरुस्ती, अहवाल, एक बैठक. काकांना हे असं सांगितलं की ते पुढचं वाक्य स्वतःच पूर्ण करतात.

टूलने काढलेल्या १४० त्रुटींपैकी प्रस्तावात चार-पाचच घ्याव्यात. टूलला सगळ्या चुका सारख्याच लाल दिसतात. एका फोटोला वर्णन नसणं आणि अख्खं उत्पादनांचं पान नोंदवहीत नसणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो करण्यासाठीच आपल्याला पैसे मिळतात. निवडलेली प्रत्येक त्रुटी माणसाच्या भाषेत उतरवायची. ‘एलसीपी ६.८ सेकंद’ असं न लिहिता: मोबाईलवर पानाचा मुख्य भाग दिसायला जवळजवळ सात सेकंद लागतात, गुगल अडीच सेकंदांपर्यंतचा वेळ चांगला मानतं. आपल्या फौंड्रीची खरी अडचण मात्र वेगाची नाहीच. साइटवर ‘गुणवत्ता हेच आमचं ब्रीद’ लिहिलंय, पण कोणत्या ग्रेड ओतता, वजनाची मर्यादा काय, धातूतले घटक तपासणारा स्पेक्ट्रोमीटर आहे का, वाहन उद्योगाला लागणारं आयएटीएफ हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र आहे का, यातलं एकही अक्षर नाही. पर्चेस इंजिनिअर जे शोधतो तेच साइटवर नाही, तर गुगल दाखवणार काय? प्रत्येक ग्रेडचं आणि प्रत्येक उद्योगाचं एकेक पान, त्यावर खरे फोटो आणि खरे आकडे: कामाचा मोठा वाटा हाच.

एवढं सगळं सांगून टाकलं तर ते दुसऱ्याकडून करून घेतील, ही भीती नव्या सल्लागाराला असते. कधी घेतातही. म्हणून अडचणींचं निदान मोकळेपणाने द्यावं, पण पानागणिक आराखडा प्रस्तावात देऊ नये; तो सुरुवातीच्या कामाचा भाग आहे आणि त्याचे पैसे लावावेत.

हमीचं कलम

“पहिल्या नंबरची गॅरंटी देता का?” हा प्रश्न येणारच. गुगलच्या स्वतःच्या मदत-पानावर, एसईओ सल्लागार निवडताना काय बघावं हे सांगताना, स्पष्ट लिहिलंय की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. तिथेच हेही म्हटलंय की बदल सुरू केल्यापासून फायदा दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागतं. हे पान मी प्रस्तावातच जोडतो. ग्राहकाने ते नंतर स्वतः शोधून आपल्यासमोर ठेवण्यापेक्षा हे बरं.

जे हमी देतात ते कशी पाळतात, हेही समजून घेण्यासारखं आहे. शब्द निवडायचा अधिकार त्यांच्याकडे असतो. कंपनीचं नाव आणि गावाचं नाव जोडून केलेल्या, कोणीही कधी न शोधणाऱ्या पाच शब्दांच्या ओळीवर पहिला नंबर आणणं फार अवघड नाही. करार पूर्ण, बिल पूर्ण, चौकशी एक नाही. क्रमांकावर फी ठरवली की सल्लागाराचं हित सोप्या शब्दांकडे झुकतं, म्हणून मी ती पद्धत घेत नाही.

मग लिहायचं काय? आपल्या हातात काय आहे आणि काय नाही याचे दोन परिच्छेद. हातात आहे ते काम: महिन्याला इतकी पानं, इतक्या दिवसांत दुरुस्त्या, अमुक तारखेला अहवाल. याची लेखी हमी द्यावी आणि पाळावी. हातात नाही ते म्हणजे स्क्रॅपच्या भावासारखं कलम. गुगल वर्षातून अनेकदा आपल्या क्रमवारीत मोठे बदल करतं. स्पर्धकही गप्प बसलेले नसतात. ऑगस्ट २०२४ पासून भारतात गुगल काही शोधांच्या वर एआयने तयार केलेलं उत्तर दाखवतं, आणि ते वाचून काही लोक खालच्या लिंकवर येतच नाहीत. ‘एसजी आयर्न म्हणजे काय’ अशा माहितीच्या शोधांवर हा फटका बसू शकतो. ज्याला कास्टिंग विकत घ्यायचंय त्याला मात्र शेवटी कारखाना शोधावाच लागतो. म्हणून यश क्लिकवर न मोजता चौकशीवर मोजायचं, हे आधीच ठरवून घ्यावं.

हे कलम वाचून काका बिचकतील असं मला वाटायचं. तसं फारसं होत नाही. भाववाढीचं कलम नसलेलं कोटेशन आलं तर फौंड्रीवाल्यालाच आधी शंका येते.

दवाखान्याचं किंवा दुकानाचं काम असेल तर आणखी एक गोष्ट हाताबाहेरची असते: अंतर. नकाशातल्या निकालांसाठी गुगल तीन गोष्टी बघतं, शोधाशी जुळणी, अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी. कोथरूडच्या दंतवैद्यांना हडपसरमध्ये शोधणाऱ्यासमोर पहिलं आणण्याचं वचन कोणी दिलं, तर त्याने आधी दवाखाना उचलून न्यायची तयारी ठेवावी.

जे करणार नाही ते

हा भाग छोटा ठेवावा, पण गाळू नये. महिन्याला ५०० बॅकलिंक देणारी पॅकेजेस बाजारात कायम असतात आणि ग्राहकाकडे त्यातलं एक कोटेशन तुमच्या शेजारी पडलेलं असतं. दुसऱ्या साइटवरून आलेली लिंक गुगल शिफारशीसारखी धरतं. म्हणून लोक शिफारशी विकत घेतात. क्रमांकासाठी लिंक विकत घेणं गुगलच्या नियमांत बसत नाही. फेब्रुवारी २०११मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने जे. सी. पेनी या मोठ्या अमेरिकन दुकानसाखळीच्या अशा लिंकांचा प्रकार उघड केला, आणि गुगलच्या कारवाईनंतर ती अनेक शोधांत पहिल्या जागेवरून कितीतरी पानं मागे गेली. एप्रिल २०१२मध्ये तर अशा लिंकांसाठी गुगलने ‘पेंग्विन’ नावाचा खास बदलच आणला. तेवढ्या मोठ्या कंपनीला सावरायला माणसं होती. शिरोलीच्या फौंड्रीकडे एक पुतण्या आहे.

स्वस्त कोटेशनवाल्याचं नाव घेऊन टीका करू नये. “आम्ही लिंक विकत घेत नाही, पैसे किंवा सवलत देऊन रिव्ह्यू लिहून घेत नाही, आणि त्यामुळे आमचा वेग कमी वाटेल” एवढं पुरे.

पैसे

रक्कम शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात लपवू नये. काका आधी तिथेच जातात. सुरुवातीच्या कामाची रक्कम, महिन्याची रक्कम, किमान मुदत आणि सोडायचं असल्यास किती दिवसांची सूचना, हे एका नजरेत दिसलं पाहिजे. सोनं-चांदी-हिरा अशी तीन पॅकेजेस मी देत नाही. निदान एकच असेल तर औषध तीन दर्जाचं कसं? फार तर दोन पर्याय: लिहिण्याचं काम आमच्याकडे, किंवा तुमच्याकडे.

कर स्पष्ट लिहायचा, नाहीतर पहिल्याच बिलाला कडवटपणा येतो. समजा महिन्याची फी २५,००० आणि तुम्ही जीएसटीत नोंदलेले आहात. अशा सेवेवर १८ टक्के, म्हणजे ४,५०० जास्तीचे; बिल २९,५०० चं. ग्राहक व्यावसायिक सेवेचा टीडीएस म्हणून १० टक्के, जीएसटी सोडून मूळ रकमेवर, २,५०० कापणार. खात्यात २७,००० येतील आणि त्यातले ४,५०० सरकारचे. स्वतःचा महिना २२,५०० वर चालवायचा, हे नव्या सल्लागाराला पहिल्या वर्षी उशिरा उमगतं. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात सहसा जीएसटी नोंदणी सक्तीची नसते. नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावता येत नाही, आणि तेही प्रस्तावात लिहावं.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्यावी. २००६च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि कितीही ठरवलं तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी ठरलंच नसेल तर १५ दिवसांत. फौंड्रीवाल्यांना हा कायदा चांगला ठाऊक असतो, कारण ते स्वतः मोठ्या कंपन्यांकडे याच पैशासाठी चकरा मारत असतात. प्रस्तावात उद्यम क्रमांक असला की धमकी न देता सांगून होतं.

त्यांच्याकडून काय हवं

माझी जी कामं फसली त्यातली बरीचशी गुगलमुळे फसली नाहीत. सूचना दिल्या, त्या वेबसाइटवाल्याच्या मेलमध्ये पडून राहिल्या. फोटो मागितले, “दिवाळीनंतर देतो” झालं. म्हणून प्रस्तावात ग्राहकाच्या जबाबदाऱ्यांचा परिच्छेद हवाच: प्रॉडक्शन बघणाऱ्या साहेबांचा पंधरवड्यातून एक तास, कारखान्यात फोटो काढायला एक दिवस, वेबसाइटवाल्याने बदल किती दिवसांत करायचे, आणि मजकुराला होकार देणारा एकच माणूस. उशीर त्यांच्याकडून झाला तर मुदत तेवढी पुढे सरकेल, हेही.

चौकशी मोजायची सोय इथेच ठरवावी. आपल्याकडे फॉर्म कोणी भरत नाही. फोन करतात, व्हॉट्सॲपवर ड्रॉइंगचा फोटो टाकतात. ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे साइटवर आलेल्यांची मोजदाद करणाऱ्या गुगलच्या साधनात, बटणावरच्या क्लिक मोजता येतात, पण पुढे काय झालं ते कळत नाही. त्यामुळे फोन उचलणाऱ्याकडे एक साधी वही: तारीख, कोण, कुठून कळलं, ड्रॉइंग आलं का. महिन्याच्या बैठकीत ती वही आणि सर्च कन्सोल शेजारी ठेवायचे.

आणि मालकी. डोमेन (साइटचा पत्ता), होस्टिंग (साइट ठेवायची जागा), सर्च कन्सोल, ॲनालिटिक्स, गुगलवरची व्यवसायाची नोंद, सगळं ग्राहकाच्या ईमेलवर. आम्हाला फक्त प्रवेश. डोमेन जुन्या वेबसाइटवाल्याच्या नावावर आणि तो फोन उचलत नाही, अशी अडकलेली माणसं मी पाहिली आहेत. हे कलम आपल्या विरुद्ध वाटतं, कारण ग्राहकाला सोडून जाणं सोपं होतं. माझ्या अनुभवात सीए मंडळी याच ओळीवर मान डोलावतात.

हे सगळं सहा-सात पानांत बसतं. पहिलं पान असं लिहावं की बाकीचं फाटून गेलं तरी निर्णय घेता यावा: आज काय स्थिती आहे, काय करणार, किती पैसे, कधी काय दिसेल. तांत्रिक तपशील जोडपत्रात, पुतण्यासाठी. भाषा मीटिंगमध्ये जी होती तीच. काका मराठीतून बोलले असतील तर पहिलं पान तरी मराठीत. पीडीएफ व्हॉट्सॲपवर जाणार हे धरून चालावं, म्हणून अक्षर मोठं, कारण ते मोबाईलवर, चष्मा कपाळावर सरकवून वाचलं जातं. प्रस्तावाची मुदत ३० दिवस लिहावी.

पाठवल्यावर चार दिवसांनी एक फोन. “निर्णय झाला का?” असं विचारू नये. मी विचारतो, “काकांनी कुठला आकडा दुरुस्त केला?” केला असेल तर पुतण्या हसून सांगतो: वीसात एक नाही, तीसात एक म्हणतायत. मग मी तीसच्या हिशेबाने पहिलं पान पुन्हा करून पाठवतो.